चुलीमागे पुरलेल्या नोटा

चाळीस सालच्या पावसाळ्यात मी धसईच्या शाळेत मास्तर होतो. तिकडे युरोपात फ्रान्स पडला आणि इकडे धसईच्या बाजारात चांदीचा रुपया दिसेनासा झाला. या दोन गोष्टींचा संबंध मला तेव्हा नीट कळत नव्हता. ज्याच्या हाती रुपया येई तो घरी नेऊन ठेवी, एवढे मात्र दिसत होते. सरकार बुडाले तर नोटेचा कागद होईल आणि चांदी चांदीच राहील, असा लोकांचा विचार होता. नोट पुढे केली की दुकानदार मिठावरसुद्धा बट्टा कापत. मग सरकारने एक रुपयाची नोट काढली, गरजेपेक्षा जास्त रुपये साठवणे गुन्हा ठरवले, आणि लोकांची समजूत घालण्याचे काम मास्तरांवर टाकले.

मामलेदारांनी आम्हाला मुरबाडला बोलावून काय सांगायचे ते सांगितले. पुढच्या बाजाराच्या दिवशी शाळेच्या ओट्यावर उभा राहून मी तेच सांगितले. नोट आणि रुपया एकच, काडीचाही फरक नाही. भाषण चांगले झाले. माझा पगार नोटांतच येत असे, आणि त्या बदलून रुपये मिळतील का, हे सकाळीच मी तीन दुकानांत विचारून आलो होतो. मिळाले नव्हते.

भाषणानंतर डोंगरावरच्या ठाकूरवाडीतली एक विधवा मागे थांबली. जंगलातला हिरडा गोळा करून ती बाजारात विकायची. तिच्या एकुलत्या मुलाचे लग्न ठरत होते. त्यांच्यात मुलीच्या बापाला देज द्यावे लागते, त्यासाठी तिने चौदा रुपये जमवले होते. ते घरात ठेवले म्हणून शिपाई धरतील का, असे तिने हळूच विचारले. चौदा रुपयांसाठी कोणी कोणाला धरत नव्हते, हे मला ठाऊक होते.

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

पुढच्या बाजाराला तिने रुपये आणले आणि मी तिला चौदा नोटा दिल्या. बट्टा घेतला नाही, याचे मला समाधानही वाटले. रुपये मी घरच्या ट्रंकेत धोतरांखाली ठेवले. बायको म्हणाली, "त्या दिवशीचं भाषण तुम्ही स्वतः ऐकलं नाहीत वाटतं."

फाल्गुनात ती बाई पुन्हा आली. मुले पाढे म्हणत होती. तिने ओट्यावर एक मडके ठेवले. आत माती आणि वाळवी होती, आणि कागदाचे दोन-चार कपटे.

"कुठं ठेवलं होतंस हे?"

"चुलीमागं पुरलं. रुपये तितंच असायचे."

"अगं, कागद कोणी जमिनीत पुरतं का?"

"तुमीच बोललाव नं मास्तर, फरक नाय म्हनून."

टोमणा मारायचा तिचा विचार नव्हता. नव्या नोटा बदलून मिळतील असे तिने धरले होते. त्याला नोटेचा नंबर तरी शिल्लक लागतो, असे मी सांगितले, आणि ते खरे होते. पाढे थांबले होते. मी मुलांना चालू ठेवा म्हणालो.

"माजं रुपये तुमच्याकडं हायेत का?" तिने विचारले.

माझी खोली शाळेला लागूनच होती. ट्रंक भिंतीपलीकडे होती.

"ते सरकारात भरले," मी म्हणालो.

"भराय पायजेतच," असे म्हणून तिने मडके उचलले.

देज नसले तर मुलाने काही वर्षे सासऱ्याकडे राबायचे, अशी त्यांची रीत. वैशाखात तो किन्हवलीकडच्या सासऱ्याकडे निघाला. कमरेला कोयता, खांद्यावर घोंगडी. आई शाळेपर्यंत सोडायला आली होती. वाडीवर आता ती एकटीच राहणार होती. मी ओट्यावर दिसलो तशी ती मुलाला म्हणाली, "मास्तरांच्या पाया पड रे."

तो पडला. मी आशीर्वाद दिला.

त्याच आठवड्यात, नोटांबाबत लोकांची काही तक्रार आहे का, असे विचारणारा कागद मुरबाडहून आला. मी 'निरंक' लिहून सही केली. ते खोटे होते. चौदाही रुपये माझ्या ट्रंकेत होते. लढाई संपल्यावर मी ते कल्याणच्या एका सोनाराला विकले. प्रत्येकाचे रुपयापेक्षा जास्त आले.