आजोबांची मिशी

चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणाऱ्या त्या तिशीतल्या माणसाला सगळे भिंग्याच म्हणत. नाव बदलायच्या आधीपासून म्हणत, त्यामुळे लोकांना नवं नाव शिकवायचं काम तरी वाचलं. जन्मला तेव्हा घरच्यांनी मुलगी झाल्याचं कळवलं होतं. दीड वर्षापूर्वी पुरुषी संप्रेरकांची औषधं सुरू झाली, आवाज बसला तो बसलाच, आणि ओठावर मिशी म्हणावी असं काहीतरी उगवलं.

बैठकीच्या भिंतीवर पणजोबा, आजोबा आणि वडील यांचे फोटो होते. तिघांची ऐट एकच: अंगात कोट, हात खुर्चीच्या पाठीवर, मिशा पिळदार. भिंग्याला त्या रांगेत आपलाही फोटो हवा होता. रविवारी वडील बाहेर पडताच त्यानं मित्राचा कोट चढवला, कॅमेरा स्टँडवर लावला आणि टायमर दाबून खुर्चीकडे पळाला. एका फोटोत नुसतं कोपर आलं. नवव्यात तो रंगेहाथ पकडल्यासारखा दिसत होता.

तेवढ्यात थोरली आत्या चष्म्याची तुटलेली काडी घेऊन आली.

"हे काय गं?" म्हणाली आणि तिनं जीभ चावली. "अरे! जिभेला वळण लागायला वेळ लागतोय बघ."

"आजोबांसारखा फोटो काढतोय. तो रुबाब काही जमत नाही."

आत्या खो खो हसली. "माझ्या बाबांचा रुबाब? मी होते ना तिथं, सात वर्षांची. कोट फोटोग्राफरचा, मागून टाचण्या लावून आवळलेला. आणि निम्मी मिशी पेन्सिलीनं काढलेली!"

भिंग्यानं कामाचं भिंग फोटोवर धरलं. मिशीच्या टोकांना खरंच रेघा होत्या. इतकी वर्षं ज्या माणसाचा धाक वाटला, त्याचीही मिशी धड फुटली नव्हती तर! भिंग्याला एकदम हलकं वाटलं. त्यानं कोट काढून कामाचा एप्रन घातला.

"मी दाबू का बटण?"

"नको आत्या. माझा फोटो मीच काढणार."

या वेळी तो पळाला नाही, चालत गेला.

वडील परतल्यावर त्यांनी तो फोटो बराच वेळ पाहिला. "कपाळ आपल्याच घरचं," ते म्हणाले. "हात जरा सैल सोडायचा," आणि पाय धुवायला गेले. भिंग्याला तेवढं पुष्कळ झालं.

"आता मला बसव," आत्या म्हणाली. "त्या भिंतीवर बाई म्हणून एक नाही. पण आधी माझा चष्मा जोड."

पुढच्या रविवारी धाकटी आत्या दोन लेकींना घेऊन हजर झाली. भिंग्याला जेवायलाही उसंत मिळाली नाही.