बाराव्या तुकड्याचं वजन

माझी सवत लाकडी होती. दोन हात लांब, हातभर रुंद, पितळी कुलूप घातलेली. निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष आहे हे तेव्हा आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आषाढात माझा नवरा रजेवर तेरला आला, तेव्हा बैलगाडीतून आधी ती उतरली, चार माणसांच्या हातांवरून, आणि मग हा. मी दाराआड उभी होते. चार महिन्यांनी घरी आलेला माणूस, पण त्याची नजर पेटीवरून हलेना. "हळू, हळू धरा," एवढंच त्याचं चाललं होतं.

तो हैदराबादला एका सरकारी खात्यात नकाशे आणि चित्रं काढायच्या कामावर होता. गावात त्याला दगडमातीचं खातं म्हणत. पावसाळा सरला की साहेबाबरोबर गोदावरीपलीकडच्या जंगलात यांचे तंबू पडायचे. तिथली माती तांबडी, आणि त्या मातीतून दगड झालेली हाडं निघायची. साहेबाचा सगळा जीव त्या हाडांत. त्या वर्षी पाऊस लवकर आला, तंबू घाईनं उचलले, आणि साहेबानं याला सांगितलं की एक पेटी घरी ने, पावसाळ्यात बसून चित्रं काढ. तोंडी सांगितलं, कागद केला नाही. पुढं साहेब आपल्या मुलखाला निघून गेला आणि त्याचा शब्दही त्याच्याबरोबर गेला.

पेटीत बारा तुकडे होते. सगळ्यांत मोठा पायलीच्या मापाएवढा, सगळ्यांत लहान वरवंट्याएवढा. प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं आकडा घातलेला. नवरा सकाळी उठला की एक तुकडा चटईवर घ्यायचा, बारीक कुंचल्यानं झाडायचा आणि पेन्सिल घेऊन त्याच्यापुढं बसायचा. घर म्हणजे सासऱ्यांच्या किराणा दुकानाच्या मागच्या दोन खोल्या. मी चुलीपाशी, तो हाडापाशी, आणि मधे बाहेरचा पाऊस. एकदा मी मुद्दाम विचारलं, कसलं जनावर म्हणायचं हे?

"घोरपडीच्या जातीचं, पण बैलापेक्षा मोठं," तो म्हणाला. "आपल्या घराखाली काळा दगड आहे ना, तो व्हायच्या आधीचं."

"तेव्हा देव होता का?"

तो हसला. मग उठून त्यानं पदरावरूनच माझ्या मानेवर बोट ठेवलं. "हा चार नंबरचा तुकडा म्हणजे इथलं हाड. मणका." त्या सबंध रजेत त्यानं मला दिवसाउजेडी हात लावला तो तेवढाच, आणि तोही एका घोरपडीचा मणका समजावून द्यायला. मला त्या पेटीचा असा राग आला की रात्री जेवताना मी त्याच्या ताटात भाकरी जरा जोरातच टाकली.

नागपंचमीनंतर हैदराबादहून बोलावणं आलं. चित्रं अर्धी राहिली होती. रस्त्यांचा भरवसा नव्हता म्हणून पेटी त्यानं घरीच ठेवली. किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "कुणाला द्यायची नाही." मी ती मोहरीच्या डब्यात घातली.

तो गेला आणि दिवस वाईट आले. रझाकारांच्या बातम्या रोज यायच्या. सोलापूरच्या वाटेवर नाके बसले, कितीतरी घरांतले तरणे पुरुष हद्दीपलीकडं निघून गेले. बायकांनी दुपारनंतर नदीवर जायचं नाही असं ठरलं. दुकानाची फळी दिवस मावळायच्या आत लागायची. माझं माहेर उमरग्याकडं, पण तिकडं जायची सोय नाही, इथं जीव रमत नाही. दोन खोल्यांत मी, मामंजी आणि ती पेटी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या.

मामंजी म्हणजे माझे सासरे. किराणा दुकानात त्यांचा जन्म गेला होता. त्यांचा हात म्हणजेच तराजू. मुठीत गूळ घेतला की पावशेर का सव्वा पावशेर ते सांगायचे, आणि काट्यावर घातला की तेवढाच भरायचा. गिऱ्हाईकं मुद्दाम परीक्षा घ्यायची आणि हरायची. बोलायचे कमी, पण देवभोळे फार. रोज गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायचे, आणि ती पूजा त्या पेटीशेजारी बसून करावी लागायची, कारण दुसरी जागाच नव्हती.

आश्विनात एक दिवस पूजा झाल्यावर ते तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "सूनबाई, हाड हाय म्हंजी जीव व्हता. त्याला माती नगं का द्यायला? किती वर्सं झाली म्हणाला पोरगा?"

"मोजता येत नाहीत इतकी."

"मग लईच खोळंबलं बिचारं."

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस जाळत नाहीत, माती देतात. आमच्या गावात नांगर धरला की जुनी खापरं, मणी वर येतात, आणि मामंजी दिसेल ते पुन्हा मातीत सारायचे. पण हाड त्यांनी कधी उघड्यावर पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडं किल्ली मागितली. मला नाही म्हणता आलं असतं. नवऱ्याचं नाव सांगितलं असतं तर ते गप्प बसले असते, तेवढा मान ते मला द्यायचे. पण मी उठले, मोहरीच्या डब्यात हात घातला आणि किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. सवत घरातून जाते आहे म्हणून मला बरं वाटलं. हे मी आज लिहिते आहे, तेव्हा कुणाजवळ बोलले नाही.

वावराच्या कोपऱ्यात सासूबाईंची समाधी होती. तिच्याशेजारी खड्डा खणला. विधीला आलेल्या आमच्या जंगमस्वामींनी विचारलं, माणसाचं का जनावराचं. मामंजी म्हणाले, "शिवाचंच की." विभूती लावली, बेल वाहिला, बाराही तुकडे एकमेकांना टेकवून बसवले आणि मूठमूठ माती घातली. माझी मूठ तिसरी होती. रिकाम्या पेटीत मामंजींनी दुकानातली हळकुंडं भरून ठेवली.

पौषात नवऱ्याचं पत्र आलं. वाटेत कुणीतरी फोडून पुन्हा चिकटवलेलं. नव्या अधिकाऱ्याला तंबूच्या यादीत बारा हाडांची नोंद सापडली होती, आणि हाडं कुठं आहेत याचा कागद नव्हता. माझ्या नवऱ्याला शहर सोडायची बंदी केली होती. दिवसातून दोनदा हजेरी. चैत्र संपेपर्यंत माल पोचला नाही तर चोरीचा खटला. खाली त्यानं लिहिलं होतं, "पेटी तशीच पाठवा. बाराच्या बारा पाहिजेत. किल्ली तुझ्याजवळ आहे म्हणून मी निर्धास्त आहे."

ते पत्र मी दोन दिवस पोटाशी बाळगलं. भाकरी थापताना, पाणी भरताना तेवढी एकच ओळ कानात वाजायची. कुणाला सांगणार? दाराबाहेर जायची चोरी, आणि घरात ज्यांना सांगायचं त्यांनीच माती दिलेली. तिसऱ्या दिवशी मामंजींना वाचून दाखवलं. निर्धास्तची ओळ मात्र गाळली.

"दिल्याली माती काढत न्हाईत," ते म्हणाले आणि दुकानात जाऊन बसले.

त्यानंतर महिना गेला. रोज मी त्यांच्यापुढं ताट ठेवायची, रोज ते अर्धं ठेवून उठायचे. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. त्यांनाही माझ्याकडं बघवत नसावं. शेजारची बाई म्हणाली, तुमच्या घरात कुणी गेलं का? मी म्हटलं, अजून नाही.

माघ सरत आला तेव्हा सकाळी त्यांनी खांद्यावर कुदळ घेतली. "चल," म्हणाले. वाटेत त्यांनी काय ठरवलं ते सांगितलं. तुकडे काढायचे, पण एक ठेवायचा. आमच्या वावरात समाधीचा खड्डा रिकामा बुजवत नाहीत. रिकामा बुजवला तर तो घरातलं माणूस मागतो, असं त्यांच्या आज्यापासून चालत आलेलं.

"अकराच नेले तर ते सोडतील का त्यांना?" मी विचारलं.

"एक माझ्या हातनं गेलं म्हणून सांगीन. धरायचं तर मला धरतील."

"आणि दोघांनाही धरलं तर?"

ते चालताचालताच म्हणाले, "घरातलं माणूस म्हंजी कोण, पोरी? मी तर म्हातारा. तू घरात. भाईर कोण हाय?"

तेव्हा मला कळलं की म्हातारा त्या खड्ड्यात मुलगाच वाचवत होता. मीही त्यालाच वाचवायला निघाले होते. एकाच माणसासाठी आम्ही दोघं दोन बाजूंनी अडकलो होतो, आणि कुणाचं चुकतंय हे म्हणायची सोय नव्हती.

त्यांनी स्वतः खणलं. मला कुदळ धरू दिली नाही. बारा तुकडे घरी आणले. मी न्हाणीच्या दगडावर एकेक धुतला, आणि पहिल्यांदाच नीट पाहिला. चार नंबर हातात आला तेव्हा माझाच हात मानेकडं गेला. मामंजींनी सगळ्यांत लहान तुकडा, बारा नंबरचा, बाजूला ठेवला. कापडाचं नवं धडपं दिलं. "ह्यात बांधून ठिव. तिसऱ्या प्रहरी स्वामी येत्यात." आणि ते त्यांना बोलवायला गेले.

घरात मी एकटी. बाहेर ऊन कडक पडलेलं. एका बाजूला हळदीचा वास सुटलेली उघडी पेटी, अकरा तुकडे गवतात घालून झालेले. पुढ्यात बारावा. मी तो उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग पाट्यावरून वरवंटा घेतला, धुतला, नव्या धडप्यात गुंडाळला आणि चार गाठी मारल्या. बारावा तुकडा गवताच्या तळाशी घातला आणि पेटीला कुलूप लावलं. देव कोपला तर माझ्यावर कोपू दे, असं मी मोठ्यानं म्हटलं, म्हणजे त्याचा गैरसमज व्हायला नको.

खड्ड्यापाशी स्वामींनी विभूती लावली. मी गाठोडं मामंजींच्या दोन्ही हातांत दिलं. ते हातात घेऊन थांबले. मंत्र संपला तरी थांबलेलेच. स्वामींनी वर पाहिलं. मामंजींनी माझ्याकडं पाहिलं नाही, सासूबाईंच्या समाधीकडं पाहिलं. "बरं," एवढं म्हणाले आणि वाकून गाठोडं तळाशी ठेवलं.

दोन दिवसांनी ते पेटी घेऊन निघाले. तेरहून छोट्या रेल्वेनं लातूर, तिथून पुढं मोटारीनं. माझ्या सोबतीला शेजारच्या बाईला ठेवलं. पंधरा दिवस झाले, महिना झाला. पत्र नाही. लातूरकडून येणारा प्रत्येक माणूस वेगळी बातमी आणायचा आणि एकही चांगली नसायची. बाराचे बारा पाठवून मी मुलगा सोडवला का बापालाही तिथंच अडकवला, का त्या खड्ड्यानं दोघंही मागितले, हे मला सांगणारं कुणी नव्हतं. चटणी मी खलबत्त्यात कुटायची. पाट्याकडं बघवत नव्हतं, म्हणून तो भिंतीला उलटा टेकवून ठेवला.

पाडवा होऊन गेल्यावर एका दुपारी दारात सावली पडली. दोघं होते. नवऱ्याचे गाल आत गेले होते, दाढी वाढलेली. मामंजींच्या खांद्यावर पोतं होतं. मी पाणी दिलं.

नवरा भिंतीला टेकून बसला. "यादी काढून एकेक मोजला," तो म्हणाला. "बाराच्या बारा भरले. मग काय बोलणार? सोडलं." आणि मग कितीतरी महिन्यांनी त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. "तू होतीस म्हणून."

मला वर बघवेना. तो किल्लीबद्दल बोलत होता. आणि मामंजी तिथंच बसून बारा हा आकडा ऐकत होते. त्यांच्या हिशेबानं तिथं अकराच पोचायला हवे होते. आता हे विचारणार, समाधीत मग काय ठेवलंस, आणि ते मला नवऱ्यासमोर सांगावं लागणार.

मामंजी उठले. पोत्याचं तोंड सोडून त्यांनी एक नवा कोरा वरवंटा काढला. लातूरच्या बाजारातला, काळ्या दगडाचा. भिंतीशी उलटा ठेवलेला पाटा त्यांनी स्वतः सरळ केला आणि वरवंटा त्यावर ठेवला.

"जुन्याच्या वजनाचाच हाय," ते म्हणाले. "हातानं तोलून घेतलाय."

जुना वरवंटा त्यांनी जन्मात एकदाच हातात धरला होता.