काचेआडचं अर्धं वाक्य

परवा नात, म्हणजे माझ्या लेकीची लेक, मोबाइल घेऊन शेजारी बसली. तिला सातवा महिना. "आजी, आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत गरोदरपणावरची नवी पुस्तकं आलीत. बघ, इथंच उघडतात," म्हणत अंगठ्यानं पानं सरकवू लागली. मला आमच्या वेळचं काचेचं कपाट आठवलं.

तेव्हा मलाही सातवाच होता, पहिलटकरीण मी. आमचे हे कॉलेजात शिपाई. डबा द्यायला गेले की लायब्ररीत डोकवायची. नवी पुस्तकं काचेच्या कपाटात उघडी मांडायचे अन् दर सोमवारी पान बदलायचे. फटीतून कोऱ्या कागदाचा वास यायचा. एका पानावर पोटातल्या बाळाचं चित्र होतं. घरात मला कुणी काही सांगत नव्हतं, म्हणून काचेवर बोट ठेवून अक्षर अक्षर लावत गेले. पान संपलं ते नेमकं 'सातव्या महिन्यात बाळाला' इथं.

"चाचा, एवढं पान उलटा ना. उद्या माहेरी चालले मी."

लायब्ररीतले चाचा चित्र बघून लाजले. "किल्ली साहेबांकडं, बेटी. सोमवारी ये."

दुसऱ्या दिवशी माहेरी, सोयगावला जाताना एसटीत जिवाला थारा नव्हता. बाळाला काय? काय होतं बाळाला? रस्ताभर चाचाला मोठमोठ्यानं शिव्या घालत गेले. शेजारची बाई सरकून बसली. पुढं लेक सुखरूप झाली, पण ते वाक्य अर्धंच राहिलं.

"सातव्या महिन्याचं पान काढ गं," मी नातीला म्हटलं.

तिनं वाचलं, "बाळाला बाहेरचे आवाज ऐकू येतात."

अगं बाई! म्हणजे हिच्या आईनं सगळं ऐकलं की!