शेळीनं कोणत्या हातानं जेवायचं

नागम्मा अक्कांचं नाव आधी लिहिते, मग बाकीचं. बाकीचं लिहिता लिहिता मी घाबरते आणि महत्त्वाचं तेवढं राहून जातं. धाराशिवात आमचा स्टुडिओ म्हणजे एका मंगल कार्यालयाचा मागचा हॉल. अक्का त्या कार्यालयात गाद्यांच्या खोळी आणि चादरी धुवायच्या. टीव्हीवर शेवटी माझं नाव येतं, त्यांचं येत नाही. म्हणून इथं त्यांचं पहिलं.

आता झालं ते.

सोमवारी सकाळी मी चप्पल काढतच होते, तेवढ्यात माने सरांनी विचारलं, "कविता, काजळी कोणत्या हातानं जेवली?"

माने सर आमचे डायरेक्टर. काजळी म्हणजे आमची शेळी. काळ्या मखमलीची, लांब कानांची, एका कानावर पांढरा ठिपका. लहान मुलांच्या शैक्षणिक कार्यक्रमात तिचं पाच मिनिटांचं सेगमेंट असतं, म्हणजे दर भागात ठरलेला तुकडा. काजळी रस्ता ओलांडायला शिकते, घड्याळ बघायला शिकते. मुलं तिच्याबरोबर शिकतात. मी फळीमागं बसून तिला चालवते, तिचा आवाजही माझाच.

मी म्हटलं, "उजव्या हातानं, सर."

"बघ," म्हणून त्यांनी मोबाईल पुढं केला. जेवणाआधी हात धुवायचा भाग होता, आदल्याच आठवड्यात लागलेला. काजळी हात धुते, ताटावर बसते, भाकरी मोडून खाते. मी दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा स्वतःचा हात वर करून ताडून बघितलं. काजळी डाव्या हातानं जेवत होती.

मी खालीच बसले.

बाहुली कशी चालते ते सांगते, म्हणजे चूक कळेल. मी गुडघ्यावर बसून उजवा हात सरळ वर करते. चार बोटं शेळीच्या वरच्या जबड्यात, अंगठा खालच्या. बोलताना अंगठा खाली पाडायचा, बोटं उचलायची नाहीत. नाहीतर शेळी प्रत्येक शब्दाला आढ्याकडं बघते. माझा डावा हात तिच्या पुढच्या डाव्या पायात, म्हणजे तिच्या डाव्या हातात. तिचा उजवा हात कापूस भरून कमरेला टाचलेला. मला दोनच हात, त्याला इलाज नाही. वरची शेळी मला दिसत नाही. समोर जमिनीवर छोटा टीव्ही ठेवलेला असतो, मॉनिटर. त्यात बघून सगळं करायचं. त्यात काजळी आपल्याकडं तोंड करून असते. समोर बसलेल्या माणसाचा डावा हात आपल्या उजवीकडं येतो, तसा तिचाही स्क्रीनवर उजवीकडं दिसतो. तीन महिने मी तो उजवीकडं बघत होते आणि उजवाच समजत होते. सरही तेच समजले. कॅमेरा आणि एडिटिंग करणारा अझहर, तोही.

तीन महिने काजळीनं त्या हातानं टाटा केला, चेंडू फेकला. कोणी काही म्हणालं नाही. भाकरी खाल्ली आणि बोंब झाली.

अझहर म्हणाला, "शेळी हातानं जेवते हे चालतं. डाव्या हातानं जेवते हे नाही चालत. क्या बात है."

"तू गप," सर म्हणाले.

दहा वाजता पुण्याहून चॅनेलच्या मॅडमचा फोन आला. सरांनी स्पीकरवर ठेवला.

"माने, शाळांतून तक्रारी आल्यात. एका अंगणवाडीत पोरं डाव्या हातानं खिचडी खायला लागली. ताई रागावल्या तर म्हणतात, काजळी खाते की!"

"मॅडम, आम्ही दुरुस्त करतो."

"डावखुऱ्या मुलांसाठी आपण वेगळा भाग करू, नीट विचार करून करू. पण हा असा चुकून झालेला नको. बुधवारी मी येते. तोच भाग माझ्यासमोर शूट करा. जमत नसेल तर स्पष्ट सांगा, बाहुली बंद करून कार्टून करून घेऊ. कार्टूनला हात किती लावायचे ते आपल्या हातात असतं."

फोन बंद झाला. माझ्याकडं कोणी बघितलं नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मी गोंदिया जिल्ह्यातली. आठवीनंतर शाळा सुटली. आतेबहिणीनं धाराशिवला तिच्या शिलाईच्या दुकानात बोलावलं, म्हणून इकडं आले. एक दिवस माने सर काळी मखमल घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, शेळी शिवायची आहे. चार वेळा उसवून शिवली. तोंड नीट उघडतं का बघायला मीच हात घातला आणि ब्लाऊज न्यायला आलेल्या बाईंशी शेळीच्या तोंडानं बोलले. बाई हसल्या. सर म्हणाले, "आता हात काढू नको." असं मला काम लागलं. बाबांनी गावात सगळ्यांना सांगितलं, पोरगी टीव्हीत आहे. शेळी बंद पडली तर मी कोणत्या तोंडानं परत जाणार होते? आणि एक भीती कायमची होती. स्क्रिप्ट मी अक्षर लावत वाचते, घरी पाठ करून येते. मॅडम समोर बसल्या आणि अडखळले, तर त्यांना कळेल की मुलांना शिकवणाऱ्या शेळीच्या आत आठवी शिकलेली बाई आहे.

अझहरनं पहिला उपाय सांगितला. "फ्लिप मारतो." फ्लिप म्हणजे चित्र आरशासारखं उलटं करायचं. डावा हात उजवा होतो. दोन मिनिटांत त्यानं करून दाखवलं. हात उजवा झाला. पण मागच्या भिंतीवर लिहिलेली बाराखडी उलटी झाली आणि पांढरा ठिपका दुसऱ्या कानावर गेला.

सर म्हणाले, "बाराखडी उलटी शिकवली तर कार्टूनसुद्धा मिळणार नाही आपल्याला."

दुसरा उपाय मी सांगितला. हात बदलायचे. डावा हात डोक्यात, उजवा तिच्या उजव्या हातात. दुपारभर करून बघितलं. माझ्या डाव्या हाताला बोलायची सवयच नाही. शब्द पुढं जायचा, तोंड मागून उघडायचं. दोन मिनिटांत दंड थरथरायला लागला आणि शेळी एका बाजूला कलली.

"ताडी पिऊन आलीय ही," अझहर म्हणाला. एरवी मी हसले असते. त्या दिवशी घरी जाऊन पिशवीत कपडे भरून ठेवले.

मंगळवारी दुपारी अक्कांनी मागच्या हौदावरनं हाक मारली. लग्न होऊन गेलं होतं, खोळींचा ढीग पडला होता. गादीची ओली खोळ एकट्या माणसाला पिळत नाही. एकानं हे टोक धरायचं, दुसऱ्यानं ते, आणि उलट्या दिशेनं पिळायचं. शूट नसलं की दुसरं टोक मी धरायची, तेव्हापासूनची आमची ओळख. अक्का उमरग्याकडच्या, घरात कानडी. मला "बा, बा" म्हणून बोलवायच्या. म्हणजे ये, ये.

दोन खोळी झाल्या. तिसरीला त्या थांबल्या.

"कविते, आज पीळ उलटा बसायलाय तुझा. काय झालंय?"

मला रडू आलं. सगळं सांगितलं, शेळी, भाकरी, बुधवार. अक्कांनी ऐकून घेतलं.

"मंग त्या रिकाम्या बाहीत दुसऱ्या कुणाचा तरी हात घाल की."

"अक्का, एका बाहुलीत दोन माणसं कशी? मी कधी वाकणार, कधी वळणार, त्या माणसाला कसं कळणार? बोलता येत नाही, माईक चालू असतो."

"डोळे मीट," त्या म्हणाल्या. मी मिटले. खोळीचं माझं टोक मुठीत होतं. "आता म्या कुठं चाललेय?"

खोळ किंचित ओढली गेली. "डावीकडं," मी म्हणाले.

"आता?"

"खाली बसलात."

"कसं कळलं? बोलले का म्या?" त्यांनी खोळ झटकली. "कापडातनं कळतंय. तुमच्या टीव्हीला येगळं कापड असतंय व्हय?"

मी त्यांना तशीच ओल्या हातानं हॉलमध्ये घेऊन गेले. सर आधी ऐकूनच घेईनात. "अक्का, तुम्ही? मग धुणं कोण धुणार?"

"हात एकच मागितलाय न्हवं? दुसरा रिकामाच हाय."

अझहर हसला, मग सरही हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा.

मी काजळीचा कमरेला टाचलेला हात उसवला, कापूस काढला. अक्कांचा हात जाडजूड, बाहीत जाईना. बगलेत पट्टी जोडून बाही सैल केली. मग बांगड्या. माईकला हिरव्या काचेच्या बांगड्यांचा आवाज जायला लागला. सर म्हणाले, काढा. अक्का म्हणाल्या, "ते न्हाय जमायचं. नवरा हाय माझा अजून." मी खोळीच्या चिंधीनं बांगड्या दंडाकडं सरकवून घट्ट बांधल्या. आवाज बंद झाला.

अक्का माझ्या उजवीकडं, खांद्याला खांदा लावून बसल्या. मी काजळीला वाकवलं की मखमल ताणायची आणि बाहीतला हात आपोआप यायचा. पहिल्यांदा हात ताटाच्या बाहेर पडला. पाचव्यांदा भाकरीवर पडला. एकदा सर ओरडले, "हे काय? हे कशाला?" आम्ही दोघींनी मॉनिटरमध्ये बघितलं. काजळीनं हात वर नेऊन कान डोक्यावरनं पुढं ओढला होता. अक्कांनी सवयीनं पदर सावरला होता, शेळीचा.

आणि एक गोष्ट त्या दुपारी सगळ्यांच्या लक्षात आली. आधीच्या भागात काजळीनं हात धुतले होते म्हणजे एकच हात नळाखाली धरला होता. दुसरा टाचलेला. हात धुवायचा धडा, आणि हात चोळलेच नव्हते. आता तिला दोन हात होते. तिनं साबण घेतला आणि खोळीला पीळ द्यावा तसे दोन्ही हात चोळले.

बुधवारी मॅडम आल्या. वाटत होत्या तेवढ्या मोठ्या नव्हत्या वयानं. पंखे बंद केले, कारण पंख्याचा आवाज माईकमध्ये येतो. मॅडम मोठ्या मॉनिटरसमोर खुर्ची ओढून बसल्या. मी पाठ केलेलं सगळं मनात एकदा म्हटलं, पूर्ण आलं. सरांनी "ॲक्शन" म्हटलं.

हात धुणं नीट झालं. काजळी ताटावर बसली. उजव्या हातानं पहिला घास घेतला. मी बोलायला अंगठा खाली पाडला, आणि पुढचं वाक्य गेलं. साफ गेलं. तोंड उघडं ठेवून शेळी कॅमेऱ्याकडं बघत राहिली. मॉनिटरमध्ये ती मला माझ्यासारखीच दिसत होती. मला वाटलं, संपलं. घरी काय सांगायचं त्याचाही विचार येऊन गेला तेवढ्यात.

अक्कांना स्क्रिप्ट माहीत नव्हती. पण कापड थांबलंय एवढं त्यांना कळलं. बाहीतला हात शांतपणे ताटाकडं गेला, भाकरीचा मोठा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि काजळीच्या उघड्या तोंडात भरला.

तोंडात घास आहे म्हटल्यावर शेळी बोलणार कशी? मी अंगठा हळूहळू वरखाली करायला लागले. काजळी चावत होती. आरामात, घाई नाही. चावता चावता वाक्य परत आलं. तिनं घास गिळला, आणि मी बोलले.

"कट," सर म्हणाले. मी फळीमागनं वर बघायला तयार नव्हते.

मॅडम म्हणाल्या, "तोंडात घास असताना ती बोलली नाही. मुलांना हेच दाखवायला पाहिजे. हे स्क्रिप्टमध्ये होतं?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. "नव्हतं मॅडम. तिथल्या तिथं सुचलं."

"कोणाला?"

मी उठून उभी राहिले. "मले नाही, मॅडम. यांना." घाबरले की माझी घरची बोली बाहेर येते. मी अक्कांकडं हात केला. अक्का तोवर चिंधी सोडून बांगड्या खाली घेत होत्या.

मॅडमनी विचारलं, "तुम्हाला कसं सुचलं हो?"

"पोर बावरली की घास भरवायचा. त्यात काय सुचायचंय," अक्का म्हणाल्या. "जाऊ का म्या? खोळी पडल्यात."

काजळी बंद झाली नाही. पुढचे बरेच भाग अक्कांनी हात दिला, धुण्यातनं वेळ काढून. कान पुढं ओढायची काजळीची सवयही तशीच ठेवली, मुलांना तीच जास्त आवडते. शेवटच्या पाटीवर अक्कांचं नाव टाका म्हणून मी दोनदा सांगितलं. सर हो म्हणाले आणि राहून गेलं. नंतर अक्का उमरग्याला मुलाकडं गेल्या. आता त्या जागेवर पगारी मुलगी आहे. चांगली आहे. तिला मी पहिले चार दिवस बाहुलीला हात लावू दिला नाही, नुसत्या खोळी पिळायला लावल्या.

या कामातनं मी शिकले ते एवढंच: स्क्रीनवर उजवीकडं दिसतो तो हात उजवा असेलच असं नाही. शूटच्या आधी स्वतःचा हात वर करून बघावा. माझ्या मॉनिटरवर तशी चिठ्ठी चिकटवली आहे.

नवरात्राच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवून काढायची रीत आहे. अक्कांच्या घरी मोठ्या वाकळा आहेत, फोनवर म्हणत होत्या. खांदा दुखतो, सुनेच्या कडेवर लेकरू. गेल्या वर्षी जाते म्हटलं आणि शूट लागलं. पण मी जाणार आहे, अक्का. सुट्टी काढून, उमरग्याची एसटी धरून. तुम्ही लेकराला मांडीवर घेऊन हौदावर नुसत्या बसा. एक टोक सुनेला धरू द्या, दुसरं मी धरते.