उजव्या हाताची नखं

माझ्या भावोजींचा डावा हात पाववाल्याचा होता आणि उजवाही पाववाल्याचाच होता, हीच त्यांच्या आयुष्याची सगळी अडचण.

क्लासिकल गिटार वाजवणाऱ्याला डाव्या हाताची नखं कापलेली लागतात आणि उजव्या हाताची वाढवलेली. तारेला आधी बोट लागतं, मग नख, तेव्हा कुठे स्वर स्वच्छ निघतो. हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की मी झोपेतही म्हणून दाखवीन. पण बेकरीत दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात. सुपरवायझर दारातच सगळ्यांना पंजे पुढे करायला लावायचा आणि नखाची पांढरी कड दिसली की आल्या पावली परत पाठवायचा. त्याचंही काय चुकलं म्हणा. पावात नख सापडल्यावर गिऱ्हाईक काय पाठ थोपटणार होतं?

हे खूळ त्यांच्या डोक्यात लग्नाआधीच शिरलं होतं. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत एक मास्तर गिटार शिकवायचे. भावोजी तिथे पाव द्यायला गेले, दारातच ऐकत उभे राहिले आणि पाटीतले बाकीचे पाव गार झाले. बेकरीत बोलणी खाल्ली आणि पुढच्याच आठवड्यात शिकायला जाऊन बसले.

मास्तर वर्षातून एकदा खालच्या दुकानातली शिलाई यंत्रं भिंतीला सरकवून शिष्यांचा कार्यक्रम करत. प्रत्येकाने लोकांपुढे एक रचना वाजवायची. भावोजींची रचना कधीचीच तयार होती. बोट चुकत नसे, लय ढळत नसे, पण आवाज बसका. मास्तर म्हणायचे, "सगळं आलंय तुला. आवाज तेवढा येऊ दे, मग पुढे बस." मग भावोजी दरवर्षी खुर्च्या मांडायचे आणि घरी येऊन म्हणायचे, "रिटायर झालो की वाजवीन." मला मास्तरांचा राग यायचा. भावोजींनी पिठात हात घालायचे सोडले असते तर घर काय मास्तरांनी चालवलं असतं?

घरात माझी ताई आणि भावोजी, दोघंच. मूलबाळ नव्हतं. दुपारी बेकरीतून आले की अंघोळ करून भावोजी खिडकीजवळच्या स्टुलावर वाजवायला बसायचे आणि ताई आतल्या खोलीत दार उघडं टाकून आडवी व्हायची. मी एकदा तिला विचारलं, "तेच तेच ऐकून कंटाळा नाही का गं येत?"

"गादीवर कुणी टिचक्या मारतंय असं वाटतं बघ," ताई म्हणाली. "पण त्याशिवाय माझा डोळाच लागत नाही."

भावोजींना हे फार लागायचं. "तू झोपावंस म्हणून वाजवतो का मी?"

"मग काय, मी उठावं म्हणून?" ताई म्हणायची आणि कूस बदलायची.

अखेर ते रिटायर झाले आणि त्यांनी नखं वाढवायला घेतली. काय लाड त्या नखांचे! डब्याचं झाकण उघडायचं नाही, भांड्याला हात लावायचा नाही, भाजी चिरायची ती मोजा घालून. बारीक पॉलिश पेपरने नखं घासत बसायचे. मी ताईला म्हटलं, "तुझ्या घरात सवत आलीय, तीही पाच बोटांची." ताई म्हणाली, "येऊ दे. माझ्यापेक्षा जुनीच आहे ती." नखं पुरेशी वाढली तेव्हा मास्तरांनी निरोप धाडला, "यंदा सर्वांत शेवटी तू." भावोजींनी कोट इस्त्रीला दिला.

आणि त्याच आठवड्यात ताई न्हाणीघरात कोसळली. एक बाजू गेली, वाचा गेली.

दवाखान्यातून घरी आणल्यावर मी म्हटलं, कामाला बाई ठेवू. भावोजी म्हणाले, "परक्या हाताची तिला लाज वाटते." पहिल्याच अंघोळीला ताईच्या पाठीवर नखाचा लाल ओरखडा उमटला. दुसऱ्या दिवशी त्यांनी रबरी मोजे चढवले, तर तिने तोंड फिरवलं आणि डोळ्यांतून पाणी काढलं. तेव्हा ते मोजे काढून उंबऱ्यावर बसले आणि नखं कापायला लागले.

मी भडकले. "अहो, कार्यक्रम तोंडावर आलाय! तोवर मी घालते ना तिला अंघोळ!"

"आणि नंतर?" त्यांनी विचारलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी ताईजवळ बसले आणि त्यांना बळेच पाठवलं. परत आले तेव्हा विचारलं, "वाजवलंत?"

"खुर्च्या मांडल्या," ते म्हणाले. "माणसं बरीच आली होती."

पुढे ताई अंथरुणालाच खिळली. नेलकटर तिच्या उशाशी असायचं. दुपारी भावोजी स्टुलावर बसून वाजवायचे आणि तिचा डोळा लागायचा. मधल्या काळात मास्तर गेले, कार्यक्रम बंद पडले. मग एका सकाळी ताईही गेली.

त्यानंतर महिना-दीड महिन्याने मी डबा घेऊन गेले, तर भावोजी स्वतःच्या हाताकडे बघत बसले होते. नखं वाढली होती. त्यांनी वाढवली नव्हती, कापायचं कारणच उरलं नव्हतं. मी गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, "वाजवा. मी ऐकते."

त्यांनी तीच रचना सुरू केली. ताट-वाट्या सोडून मी तशीच उभी राहिले. काय तो आवाज! एकेक स्वर स्वच्छ, खोली भरून टाकणारा. आयुष्यभर भावोजी काय मागत होते ते मला त्या दिवशी कळलं. रचना अर्ध्यावर आली आणि त्यांनी तारांवर हात ठेवला.

"थांबलात का? आला ना आवाज!"

"आला," ते म्हणाले. आतल्या खोलीचं दार बंद होतं, तिकडे बघत राहिले. "पण हा तिच्या ओळखीचा नाही गं. कोण वाजवतंय ते तिला कळायचंसुद्धा नाही."

मला रडू आवरेना. त्यांनी माझ्याकडे नेलकटर मागितलं. मी ते आतून, तिच्या उशाजवळून आणून दिलं. कागद पसरून त्यांनी एकेक नख कापलं, कागदाची पुडी केली. मग उठून आतल्या खोलीचं दार सताड उघडलं, स्टुलावर बसले आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लागले.