बसून तपासलेलं कापड

माझ्या तळव्यांची आग व्हायला लागली तेव्हा बोईसरच्या एका कापड कारखान्यात तपासणीचं काम करून मला नऊ वर्षं झाली होती. खालून दिवे लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापड सरकत जायचं. तुटलेला धागा किंवा तेलाचा डाग दिसला की खडूची खूण करायची. आठ तास, उभ्याने. आधी वाटलं सँडलचा दोष. सँडल बदलली. मग वाटलं उन्हाळा आहे. पण भर जुलैतही निखाऱ्यावर ठेवल्यासारखे पाय जळत राहिले. घरी आले की मी मोरीत बसून पायांवर तांब्याने पाणी ओतत राहायचे आणि नवरा कुकर लावायचा.

आई केळव्याला राहते. तिला कळलं तशी ती काशाची वाटी आणि घरचं खोबरेल घेऊन आली. माझे पाय मांडीवर घेऊन वाटीने तळवे घासत बसली.

"उष्णता हाय गो अंगात. दुसरं काय नाय."

वाटी फिरायची तोवर बरं वाटायचं. आई परत गेली आणि पुन्हा तेच सुरू झालं. मग मात्र मी सुट्टी टाकून पालघरला एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले, तळव्याला कापूस लावला, मग टोकदार काडी, आणि कुठे काय जाणवतंय ते विचारलं. रक्त तपासलं. साखर ठीक निघाली. बी-ट्वेल्व्ह फार कमी.

"रोज कुठली गोळी घेता का, ताई?"

"ॲसिडिटीची. सकाळी."

"किती दिवस?"

"पाच-सहा वर्षं." ती मी आपली दुकानातून आणायचे, कुणाला न विचारता. हे सांगताना माझा आवाज आपोआप खाली गेला.

त्या रागावल्या नाहीत. अशा गोळ्यांनी कधी कधी हे व्हिटॅमिन अंगी लागत नाही, म्हणाल्या. गोळी थांबवली, इंजेक्शनं सुरू केली आणि सलग उभं राहायचं नाही, अशी चिठ्ठी लिहून दिली.

ती चिठ्ठी मी सुपरवायझरला दिली. त्याने वाचली आणि घडी घालून परत माझ्या हातात ठेवली.

"यहाँ सब खड़े होके करते हैं. बैठोगी तो नींद आएगी, खराब माल छूट जाएगा."

दुसऱ्या दिवशी मी घरातलं उंच स्टूल घेऊन कंपनीच्या बसमध्ये चढले. बसमधल्या बायका हसल्या. हसू दे म्हटलं. दुपारी मी जेवायला गेले तेवढ्यात त्याने स्टूल स्टोअरमध्ये टाकलं. मी ते उचलून आणलं. संध्याकाळी त्याने ते पुन्हा आत टाकून स्टोअरला कुलूप लावलं, तर दुसऱ्या दिवशी मी शेजारणीकडून मागून आणलेल्या स्टुलावर बसले. शेवटी तो मला मॅनेजरसाहेबांपुढे घेऊन गेला.

पाय इतके भाजत होते की मी तिथेही न विचारता खुर्ची ओढली.

"साहेब, माझे दहा तागे काढा," मी म्हटलं. "पाच उभ्याने तपासलेले, पाच बसून. दुसऱ्या कुणाकडून पुन्हा तपासून घ्या. बसून जास्त चुका निघाल्या तर मी स्टूल घरी नेते."

साहेबांनी आमच्यातल्या सगळ्यात जुन्या बाईला ते काम दिलं. तिची नजर अशी, की माझी गय होणार नाही हे मला माहीत होतं. संध्याकाळी तिने निकाल सांगितला. उभ्याने तपासलेल्यांत दोन डाग सुटले होते, बसून तपासलेल्यांत एक. ते तिन्ही माझ्या जिवाला लागले. साहेब मात्र एवढंच म्हणाले, "बसू दे त्यांना."

सुपरवायझर महिनाभर माझ्याशी बोलला नाही. पुढच्या आठवड्यात त्या जुन्या बाईनेही स्वतःचं स्टूल आणलं. तिने कुणाची परवानगी मागितली नाही.

घोट्यापर्यंत चढलेली आग तीन महिन्यांत बोटांपर्यंत उतरली. पुढे उतरलेली नाही. नसांना वेळ लागतो आणि सगळं भरून येईलच असं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं आहे.

दिवाळीनंतर नवरा म्हणाला, "पुरे झालं आता. सोड ती नोकरी."

"चिठ्ठीत तसं कुठे लिहिलंय?" मी विचारलं, आणि पहिल्या शिफ्टचा डबा भरायला घेतला.