पंख्यातल्या अक्षता

पडद्यावर ते निळं चक्र फिरत होतं आणि आम्ही नवराबायको कुकरच्या शिट्टीची वाट पाहावी तसे त्याच्यासमोर बसलो होतो. हल्ली कॉम्प्युटर सुरू होईतो माझी मेथीची जुडी निवडून व्हायची.

"फॉरमॅट मारू. सगळं पुसून नव्याने भरलं की पळेल," हे म्हणाले. मला धीर होईना. लेकीच्या बारशाचे फोटो त्यात, आणि कुठे काय ठेवलंय ते फक्त त्यालाच ठाऊक.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या रेखाताईंना बोलावलं. कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा त्यांचा धंदाच. "पुसायचं मग ठरवा, आधी आत बघू," म्हणत त्यांनी झाकण उघडलं आणि खो खो हसत सुटल्या. आतल्या पंख्यात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आणि मूठभर अक्षता! दर दसऱ्याला ह्यांनी मनोभावे वाहिलेल्या, वरच्या जाळीतून आत गेलेल्या.

"अहो, पंखा अडकून तापतोय बिचारा. म्हणून हळू चालतो."

आम्ही ज्याला त्याचं म्हातारपण समजत होतो, ती आमचीच माया होती. माणसं मंदावतात तेव्हाही असंच असेल का? आपण त्यांना बदलायला निघतो, पण त्यांच्यावर काय काय वाहिलंय ते कुठे बघतो?

पंखा साफ झाला. चक्र दोनदाच फिरलं आणि पडद्यावर लेक पाळण्यात हसली. हे इतके हरखले की टेबलावरच्या त्याच अक्षता उचलून पुन्हा कॉम्प्युटरवर टाकायला निघाले. मी वरच्यावर हात धरला. मग आम्ही दोघांनी मिळून त्या रेखाताईंच्या डोक्यावर टाकल्या.